सायकलीवरचे डाकू
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘शोले’मधले डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावच्या ‘शोले’मधले डाकू सायकलींवरून येतात. मूळ चित्रपटात रेल्वेगाडीवर हल्ला होतो. मालेगावात गाडीच्या जागी बस आली. गब्बरसिंगाचा झाला रबरसिंग आणि बसंतीची बासमती. हे ऐकून हसू येते, आणि ते यावे म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. पण त्या सायकलींकडे थोडे थांबून पाहिले, तर गावातल्या गावात जमून पटकथा लिहिणारी, चित्रपट काढणारी मंडळी नेमके काय करतात याचा उलगडा होतो.

मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. गावातून मोसम नदी वाहते. एका काठाला मुख्यतः हिंदू वस्ती, दुसऱ्या काठाला मुस्लिम. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. माग दिवसा चालतो, रात्रीही चालतो. कारखान्यात सुताचे बारीक तंतू उडत असतात आणि खटखटाट इतका, की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. शुक्रवारी माग बंद. त्या एका मोकळ्या दिवशी हातात थोडी मजुरी असते आणि डोळ्यांसमोर सिनेमा. इथले सिनेमावेड किती, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’ लागला तेव्हा मोहन चित्रपटगृहात प्रेक्षकांनी खेळ चालू असताना फटाके फोडले. हे वेड शहाणपणाचे होते असे कोणी म्हणणार नाही, पण वेड होते हे खरे.

या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवत होता. नव्या पिढीला व्हिडिओ पार्लर सांगावे लागेल. एक खोली, एक दूरचित्रवाणी संच किंवा पडदा, एक व्हीसीआर आणि बाकड्यांवर दाटीने बसलेले लोक. नासिर यांच्याकडे चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांचे मूकपट लागत. मूकपटाला भाषेची अडचण नाही. पण परदेशी चित्रपट मालेगावच्या प्रेक्षकाला कुठे रेंगाळतो, कुठे धावतो, हे खोलीत मागे उभे राहणाऱ्याला लगेच कळते. नासिर यांनी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. एकावर मूळ फीत चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यायचा, मग पुढचा भाग. यालाच संकलन म्हणतात. संकलनाचे शिक्षण घ्यायला लोक दूरदूरच्या संस्थांत जातात. इथे शिक्षक होता तो समोरचा प्रेक्षक. तो कंटाळला की तेवढा भाग कापायचा.

मग बिनपरवाना फिती दाखवण्यावरून पार्लरवर पोलिसांचा छापा पडला. दुसऱ्याचे चित्रपट दाखवण्यात अडचण येते ना, मग आपलाच काढू, असे नासिर यांनी ठरवले. त्यातून २००० साली ‘मालेगाव के शोले’ झाला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. मित्रमंडळी कलाकार, मित्रमंडळीच कामगार. गावात तो दोन महिने चालला.

पहिलाच चित्रपट आणि निवडला ‘शोले’, याला काय म्हणावे? नक्कल म्हणून नाक मुरडण्याआधी याच नाशिक जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माणसाची आठवण करावी. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी राजा हरिश्चंद्राची कथा घेतली. १९१३ सालच्या प्रेक्षकाला चित्रपट ही वस्तूच नवी होती, पण हरिश्चंद्र त्याच्या ओळखीचा होता. कथा पाठ असलेल्या प्रेक्षकाला हलत्या चित्रांची भाषा शिकवणे सोपे जाते. मालेगावच्या प्रेक्षकाला ‘शोले’ असाच पाठ होता. १९७५ साली आलेल्या या चित्रपटाच्या संवादांच्या तबकड्यासुद्धा घरोघरी वाजल्या होत्या. तेव्हा कोण कोणाचा सूड घेतो हे समजावण्यात वेळ घालवायचे कारण नव्हते. फाळक्यांना स्त्री कलाकार मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. मालेगावातही गावातल्या मुली कॅमेऱ्यासमोर येत नसत. बाहेरगावाहून कलाकार आणावी लागे. शंभर वर्षांत या बाबतीत आपण फार लांब आलो, असे म्हणवत नाही.

आता पटकथेकडे येऊ. हा शब्द आपण उगाच भारदस्त करून ठेवला आहे. कॅमेऱ्याला काय दिसणार आणि माइकला काय ऐकू येणार, याची क्रमाने केलेली मांडणी म्हणजे पटकथा. ‘तो फार दुःखी होता’ हे कथेत चालते, पटकथेत चालत नाही. दुःखी माणूस काय करतो, ते लिहावे लागते. मोठ्या कंपनीत लेखक लिहितो, ‘डाकू घोड्यांवरून येतात’, आणि दुसरे कोणी तरी घोडे आणते. गावच्या गटात घोडे आणणारा म्हणजे लेखकाचाच मित्र, आणि त्याच्या दारात उभी आहे सायकल.

अशा वेळी दोन वाटा असतात. सायकलीलाच घोडा समजा, गोड मानून घ्या, अशी प्रेक्षकाची विनवणी करायची, ही एक वाट. हौशी मंडळींचे बरेच चित्रपट या वाटेवर मोडतात. त्यांत दारिद्र्य लपवायची धडपड दिसते आणि प्रेक्षक अवघडून बसतो. दुसरी वाट म्हणजे ती सायकलच आहे हे मान्य करून तशी पटकथा लिहायची. डाकू सायकलीवरून आला की त्याचा दरारा कसा कोसळतो, यातून विनोद निघतो. तो विनोद गरिबीवर नसतो. पडद्यावरच्या भव्यतेवर असतो, जी आपल्या गल्लीत कधी उतरत नाही. मालेगावकरांनी दुसरी वाट धरली. घोडे नाहीत ही त्यांची अडचण त्यांनी चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत नेलीच नाही. ती कागदावरच मिटवली.

ज्यांना आपल्या गावात असा गट जमवायचा असेल, त्यांनी हे एवढे तरी उचलावे. सुरुवात कथेपासून करण्याआधी यादीपासून करावी. कोणाची गच्ची मिळेल, कोणाचे दुकान किती वाजता रिकामे असते, कोणाच्या काकांची रिक्षा आहे. मग लिहायला बसावे आणि लिहिलेले सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. मोठ्याने वाचताना खोटे वाक्य जिभेला अडते, आणि बोलणारा जर त्याच गल्लीतला असेल तर तो सरळ सांगतो की आपल्याकडे असे कोणी बोलत नाही.

चित्रीकरणाची साधनेही याच पद्धतीने जमवली. कॅमेरा सरकत न्यायचा असतो तेव्हा मोठ्या कंपन्या रूळ टाकून त्यावर ट्रॉली ढकलतात. इथे कॅमेरा धरणाऱ्याला सायकलवर बसवून ढकलले. कॅमेरा उंचावर न्यायचा तर क्रेन लागते. इथे बैलगाडीचे जू खाली दाबले की दुसरे टोक वर जाते, त्या टोकावर माणूस बसवला. तरफेचा नियम आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो.

या मंडळींचे काम बाहेरच्या जगाला दिसले ते फैझा अहमद खान यांच्या २००८ सालच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे. मालेगावचे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत येत होते ते २००६ आणि २००८ च्या बाँबस्फोटांच्या बातम्यांत. त्याच काळात ही मंडळी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढत होती. यंत्रमागावर काम करणारा, अंगाने किडकिडीत असा शेख शफीक त्यात सुपरमॅन झाला. सुपरमॅनच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते. शहरातल्या धुरा-धुळीने त्याला दम्याचा त्रास आहे. आणि तो लढतो ते तंबाखूशी.

तो उडणार कसा? हिरव्या कापडापुढे माणसाचे चित्रण करायचे, संगणकावर तो हिरवा रंग काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश बसवायचे, ही युक्ती मालेगावकरांनी आत्मसात केली. एकदा चित्रीकरण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला आणि काम थांबले. मध्येच सुपरमॅनचे लग्न निघाले. हे सगळे माहितीपटात आहे. ज्यांनी कधी गणेशोत्सवात नाटक बसवले असेल त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही.

‘शोले’पासून ‘सुपरमॅन’पर्यंत पटकथेत झालेला बदल मात्र लक्षात घ्यावा. ‘शोले’त वस्तू बदलल्या होत्या, गोष्ट तीच होती. ‘सुपरमॅन’मध्ये गोष्टच मालेगावची झाली. परग्रहावरच्या बलदंड माणसाला त्यांनी इथल्या हवेत आणून उभे केले आणि त्याला धाप लागली. यंत्रमागाच्या गावातल्या माणसाच्या छातीचे आणि तोंडातल्या तंबाखूचे काय होते, हे सांगायला त्यांना अमेरिकन नायकाचा अंगरखा उपयोगी पडला. नक्कल करता करता माणूस स्वतःच्या गोष्टीपर्यंत पोहोचतो, याचे एवढे स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. माहितीपट आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला तो २०१२ साली.

या गटातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो लेखक, फरोग जाफरी. नायकाला गावात लोक ओळखतात, दिग्दर्शकाची मुलाखत होते. लेखकाला चहाच्या टपरीवर कोण विचारणार? मुंबईत जाऊन लेखक व्हावे ही जाफरी यांची तळमळ माहितीपटात दिसते. मालेगावहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत आहे. संध्याकाळी बसमध्ये बसले की सकाळी पोहोचता येते, पण पोहोचून कोणाचे दार वाजवायचे, हा खरा प्रश्न असतो. अभिनयाला, संगीताला स्पर्धा आहेत, बक्षिसे आहेत, गल्लीतले मंडळ आहे. गावात राहून पटकथा लिहिणाऱ्याला आपले लिखाण बरे की वाईट हे सांगणारेही कोणी नसते. गट लागतो तो त्यासाठी. चित्रीकरणाला माणसे भाड्याने मिळतात, ऐकून घ्यायला मिळत नाहीत.

पुढे हा व्यवसाय मंदावला, त्याचे कारण सांगताना थोडे अडखळायला होते. व्हीसीडी स्वस्त झाल्या. एक प्रत बाजारात आली की तिच्या शंभर होतात आणि मूळ करणाऱ्याच्या हाती काही येत नाही. ज्या नकलांच्या धंद्यावर व्हिडिओ पार्लर उभे होते, त्याच धंद्याने त्या गावच्या चित्रपटांचे उत्पन्न खाल्ले. पार्लरही बंद होत गेली. शिवाय कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ कृतीवर हक्क तिच्या मालकाचा, आणि १९५२ च्या कायद्याप्रमाणे चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर प्रमाणपत्र लागते. गल्लीपुरता खेळ असतो तोवर याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गट मोठा झाला, पैसे मिळू लागले, की या गोष्टी समोर उभ्या राहतात. म्हणून शेवटी आपली स्वतःची कथा लिहिण्यातच व्यवहारही आहे.

मुंबईला मालेगाव सापडले, पण उशिरा. रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. आदर्श गौरव त्यात नासिर झाले आहेत, शशांक अरोरा शफीक, आणि विनीतकुमार सिंह झाले आहेत फरोग. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. एका लेखकाच्या तगमगीवर दुसऱ्या लेखकाने लिहिले आणि लेखकाचे पात्र प्रेक्षकांच्या लक्षात राहिले, असे आपल्या चित्रपटांत क्वचितच होते.

दरम्यान खानदेशात नवी मंडळी तयार झाली आहेत. छोटू दादा या नावाने प्रसिद्ध झालेल्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. दोन व्हीसीआर जोडण्याचे दिवस गेले. चित्रीकरण, संकलन आणि प्रदर्शन हे सारे एका मोबाइलवर होते. फक्त खोलीच्या मागच्या भिंतीशी उभे राहून, माणसे नेमकी कुठे चुळबुळ करतात हे पाहण्याची सोय त्यात नाही. मोबाइलवरचा प्रेक्षक कंटाळला की अंगठा फिरवतो आणि निघून जातो. का गेला ते सांगत नाही. त्यामुळे गटाने महिन्यातून एकदा तरी कोणाच्या अंगणात पडदा लावावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवावे आणि लेखकाला शेवटच्या रांगेत बसवावे. पडद्याला पांढरी चादर चालते.