मुलांच्या मूत्रपिंडाचा तीव्र दाह : बिघाड आणि भरपाई

घसादुखी बरी झाल्यावर 1 ते 3 आठवड्यांनी, किंवा त्वचेवरच्या पिकलेल्या फोडींनंतर 3 ते 6 आठवड्यांनी काही मुलांची लघवी कोऱ्या चहासारखी होते. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि लघवी कमी होते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला येणारा हा तीव्र दाह मुख्यतः 5 ते 12 वर्षांच्या मुलांत दिसतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबे मुलाबाळांसह फडाजवळच्या कोप्यांत राहायला येतात. दाटीवाटी, अपुरे पाणी आणि एकत्र अंथरूण यांमुळे खरूज झपाट्याने पसरते. खाजवून झालेल्या जखमांत जिवाणू शिरले, की या आजाराला वाट मिळते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख केशिकागुच्छ रक्त गाळतात. जिवाणूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि जिवाणूंचे घटक यांची संयुगे या केशिकागुच्छांत अडकून दाह होतो. केशिका सुजतात, गाळण्याचा वेग घटतो, तांबड्या पेशी व प्रथिने लघवीत उतरतात. मीठ-पाणी अंगात साठून रक्तदाब चढतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढते, तर सी-3 हे पूरक प्रथिन घटते.

खरा धोका रक्तदाबाचा असतो. डोके दुखणे, उलट्या, झटके किंवा धाप ही लक्षणे दिसताच मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. तिथे मीठ बंद करून पाणी मोजून देतात. लघवी वाढवणारी आणि रक्तदाबाची औषधे सुरू होतात. रोजचे वजन सूज किती उतरली ते सांगते. पेनिसिलिन उरलेले जिवाणू मारते, मात्र सुरू झालेला दाह त्याने थांबत नाही. डायलिसिसची वेळ थोड्याच मुलांवर येते.

साधारण आठवडाभरात लघवी वाढू लागते. क्रिएटिनिन 3 ते 4 आठवड्यांत आणि सी-3 बहुधा 6 ते 8 आठवड्यांत पूर्ववत होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रक्त मात्र वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ राहू शकते. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. सी-3 वाढलेच नाही, क्रिएटिनिन चढत राहिले किंवा प्रथिने जातच राहिली, तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागतो.

म्हणून सूज उतरल्यावरही रक्तदाब आणि लघवी तपासत राहणे आवश्यक असते. परीक्षानळीत लघवीचा वरचा भाग तापवून त्यात ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकतात. गढूळपणा टिकला, तर प्रथिने आहेत असे समजते. अशा साध्या गोष्टी गावातच करता येतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकवलेली स्त्री गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे तिथे सिद्ध झाले आहे.

खरजेवर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, पिकलेल्या फोडी अंगावर काढू नयेत आणि लघवीचा रंग बदलताच मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.