पुराचा बंधारा व रिकामें तळें

नाल्यावर मातीचा लहान बंधारा घालून तळें केलें म्हणजे पुराची भीति गेली, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु हिशेब पाहावा. 100 एकर रानावर 1 इंच पाऊस पडून त्यांतील निम्में पाणी वाहून आलें, तर तें 1,81,500 घनफूट होतें. 1 एकराच्या तळ्यांत तें 4 फुटांहून अधिक चढेल. तळें अगोदरच तुडुंब असल्यास हें पाणी ठेवावयाचें कोठें? सबब, पुरासाठीं राखलेली जागा पावसाळ्यांत रिकामीच असली पाहिजे. रब्बीच्या लोभानें मोरी बुजविणारे भागीदार मात्र गांवोगांव सांपडतात!

याच तत्त्वाचें मोठें उदाहरण अमेरिकेंतील ओहायो राज्यांत आहे. तेथें मार्च 1913 मध्यें डेटन शहर बुडालें. पुढें 1922 पर्यंत मातीचे पांच बंधारे पुरे झाले. त्यांच्या तळच्या मोऱ्यांस दारेंच नाहींत. मोरींत मावेल तेवढेंच पाणी पुढें जातें, उरलेलें मागें तुंबून सावकाश उतरतें. एरवीं मागील जमिनींत शेतीहि होते.

मोरीखेरीज सांडवा हवाच. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलें कीं बांध धुपून फुटतो, आणि सांचलेलें सर्व पाणी एकदम खालच्या शेतांवर कोसळतें. म्हणून सांडवा माथ्याहून पुरेसा खालीं, बांधाच्या एका अंगास कठीण जमिनींत काढावा. मोरीच्या तोंडाशीं अडकलेला गाळ व पालापाचोळा मृग निघण्यापूर्वींच उपसून टाकावा.