घर मोडण्यापूर्वीचा आधार

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा होय. आषाढात रोवणीची घाई सुरू झाली की गावातील कर्ती मंडळी दिवसभर बांधीत असतात आणि अनेक घरांत धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीकडे येते. चार-आठ दिवसांची ही गैरहजेरी शिक्षकांच्या परिचयाची असून ती बहुधा भरूनही निघते. परंतु रोवणी आटोपल्यावरही मुलगी वर्गात परतली नाही, तर हजेरीपट काही निराळेच सांगत असतो. वडिलांचे दीर्घ आजारपण, आईवर ओढवलेले वैधव्य, कर्ज, दारू अथवा ठरू घातलेले लग्न यांपैकी काहीतरी त्या घरात घडत असते. तलावाच्या पाळीला गेलेली भेग पावसाळ्यापूर्वीच बुजवावी लागते, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' अशी जी संज्ञा आहे, तीत केवळ अनाथ वा टाकून दिलेली मुले येत नाहीत. ज्याचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, ज्याचा विवाह वयापूर्वी होण्याचा नजीकचा धोका आहे, असे बालकही तीत मोडते. म्हणजे अनिष्ट घडून जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बालकास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, हे तत्त्वही याच अधिनियमाने घालून दिले आहे.

ही भेग सर्वप्रथम दिसावी कोणाला? भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सातही तालुक्यांत त्याचे उत्तर गावातच आहे. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे व सदस्य-सचिवाचे काम अंगणवाडी सेविकेकडे असते. शिक्षक, आरोग्य कर्मचारी यांच्यासह मुलांचे प्रतिनिधीही तीत असतात. यांतील प्रत्येकाजवळ माहितीचा एकेक तुकडा आधीच असतो. सेविकेच्या नोंदवहीत बाळाचे घटलेले वजन असते, शिक्षकाजवळ हजेरी असते, आशा स्वयंसेविकेस घरातील आजार ठाऊक असतो. हे तुकडे एका बैठकीत एकत्र आले म्हणजे कुटुंबाचे चित्र स्पष्ट होते. मात्र ज्या गावी समिती केवळ ठरावापुरती उरली असेल, तेथे ते तुकडे तीन निरनिराळ्या कपाटांत पडून राहतात, हेही मान्य केले पाहिजे.

समजा, एखाद्या शेतमजुराचा मृत्यू झाला व पत्नीवर दोन मुलांचा भार आला. अशा वेळी नातेवाईक सद्‌हेतूने मुलांना वसतिगृहात वा बालगृहात घालण्याचा सल्ला देतात. वास्तविक येथे बालसंगोपन योजना उपयोगी पडते. एक वा दोन्ही पालक गमावलेल्या, तसेच दुर्धर आजार, तुरुंगवास वा घटस्फोट यांमुळे संकटात सापडलेल्या कुटुंबांतील १८ वर्षांखालील मुलांचे संगोपन घरीच व्हावे, हा तिचा हेतू होय. २०२३ मध्ये तिचे अनुदान प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची तरतूद असून तीत दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडे जातो, गृहभेटीद्वारे चौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. मार्ग सरळ आहे. अडचण कागदपत्रांची असते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, बँकेचे खाते हे सर्व जमविताना मजुरी बुडते, आणि दोन फेऱ्यांनंतर ती माउली तालुक्याचा नाद सोडते. मृत्यूची नोंद होते त्याच दिवशी ग्रामपंचायतीने दाखल्यासोबत अर्जही तिच्या हाती द्यावा. याला नव्या शासन निर्णयाची आवश्यकता नाही.

बालविवाहाच्या बाबतीत जबाबदारी अधिक थेट आहे. २००६ च्या अधिनियमाखाली गावचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. मांडव पडल्यावर लग्न थांबविणे म्हणजे गावाशी वैर. सोयरिकीची बोलणी चालू असतानाच घरी जाऊन बोलणे हे त्या मानाने सोपे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. अशा कुटुंबांची नावे ग्रामसभेत वाचून दाखवू नयेत, साहाय्य देताना मुलांची छायाचित्रे काढू नयेत. बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि गावात एकदा झालेला बोभाटा कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही. तातडीच्या प्रसंगी १०९८ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

खर्चाचा प्रश्न विचारला जातो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. अर्जदार आईचे तालुक्याचे भाडे वा शाळकरी मुलीचे दप्तर यांसारख्या गरजा त्यातून नियमानुसार भागविता येतील का, हे समितीने पाहावे. बैठकीचा मुहूर्तही विचारपूर्वक निवडावा. धान घरी आल्यावर बरीच कुटुंबे कामासाठी नागपूरकडे व त्याहून दूर निघतात. ती निघण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास बैठक घेतली, तर कोणती मुले आजीजवळ राहणार, कोणती सोबत जाणार व कोणास शाळेचे शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे, याची यादी वेळेवर हाती येते.