शेततळ्यावरचा पंप बंद ठेवताना

बर्फ पडणाऱ्या देशांत बागेतल्या तळ्याचा पंप हिवाळ्यात काढून घरात ठेवतात. पंपात अडकलेल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगला, की बिडाचे कवच तडकते. आपल्या परभणीत थंडी कडक पडते, पण पंप त्याच दिवसांत हरभऱ्याला, गव्हाला पाणी देत असतो. आपला पंप निजतो तो फेब्रुवारी-मार्चात तळ्याचा तळ दिसू लागल्यावर. मग तो बांधावर उन्हात तापतो, मृगात भिजतो आणि पावसाचा खंड पडला की आठवतो.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन ऐन फुलाशेंगांत असते ते हेच दिवस. अशा वेळी तळ्यात पाणी असून मोटार उठली नाही, तर रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लागेपर्यंत शेंगा पोचट राहतात. चालून पंप झिजतो, त्याहून पडून जास्त बिघडतो.

पंप काढण्याआधी फ्यूज काढा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. पंपातून स्वच्छ पाणी ओतून गाळ धुवा, खालचा बूच उघडून थेंबन् थेंब निथळू द्या. बूच तारेने पंपालाच बांधा, नाहीतर ऐन वेळी तोच सापडत नाही. फूटव्हॉल्व्हमधले शेवाळ काढा आणि रबरी झडप चिरली असेल तर आताच बदला. बेअरिंगला ग्रीस बेतानेच द्या, कोंबून भरलेल्या ग्रीसने बेअरिंग तापते.

पंप कोरड्या खोलीत, विटांवर किंवा फळीवर ठेवावा. खताच्या पोत्यांशेजारी मात्र मुळीच नको. खत ओल ओढते आणि तांब्याची तार खाते. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळण्याची पद्धत मला पसंत नाही, आत घाम धरतो. गोणपाट बरे. उंदरांसाठी वायरच्या भोकाला जाळी लावा. दर पंधरवड्याला दांडा हाताने दोन-चार फेरे फिरवला, की आतला पंखा गंजून चिकटत नाही. हे काम घरातल्या पोराला सांगितले तरी चालेल, फक्त वीज जोडलेली नको.

पुन्हा बसवताना दांडा आधी हाताने फिरवून पाहा. फिरत नसेल तर बटण दाबू नका. अडकलेली मोटार भरमसाट करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. ओल आल्याची शंका असेल तर वायरमनकडून मेगरने तपासून घ्या, अर्थिंगही पाहायला सांगा. पंपात पाणी भरल्याशिवाय तो चालू करू नये.

पाणबुडी मोटारीचे थोडे वेगळे. पाणी टिकत असेल तर ती पाण्यातच राहू द्या आणि पंधरवड्यातून पाच-दहा मिनिटे चालवा. तळे आटल्यावर ती कोरडी कधीच चालवू नका. पाणी भरायच्या जातीची असेल, तर पुन्हा सोडण्याआधी मोटारीतले पाणी स्वच्छ, गाळलेले भरून घ्या.