बाळ खातं, पण अंगाला का लागत नाही?

“खातंय बरं, पण अंगालाच लागत नाही.” वस्तीत वजनकाटा घेऊन गेलो की हे वाक्य ऐकल्याशिवाय आम्ही कधी परत आलेलो नाही. मग सासूबाई म्हणतात, आईचं लक्ष नाही. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. दृष्टीचं सोडा, पण आईला बोल लावणाऱ्यांनी ढाक्यातल्या मिरपूरच्या झोपडपट्टीत काय सापडलं ते जरूर वाचावं.

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. जंतू म्हणजे घाण, असं आपल्या मनात बसलंय. पण ते बंगल्यातल्याच्या पोटात असतात तसे झोपडीतल्याच्याही पोटात असतात (सोवळं पाळणाऱ्यांच्याही!), आणि त्यातले बरेचसे अन्न पचवायला मदत करतात. बाळ जन्मल्यावर हे जंतू पोटात वस्ती करू लागतात आणि दोन-तीन वर्षांत ती वस्ती मोठ्या माणसासारखी होते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या या चांगल्या जंतूंचं अन्न असतात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नको, असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो त्याचं हेही एक कारण आहे.

ढाक्याच्या आयसीडीडीआर-बी या संस्थेचे डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतले डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या गटांनी मिरपूरच्या बाळांची शी महिनोन्महिने तपासली. २०१४ साली त्यांनी दाखवून दिलं, की कुपोषित मुलाच्या पोटातले जंतू त्याच्या वयाच्या मानाने मागे राहिलेले असतात. मूल दीड वर्षाचं, पण पोटातली वस्ती त्याहून लहान बाळाची. नेहमीचा पोषक आहार दिला तेव्हा ती थोडी सुधारली, पण नंतर पुन्हा मागे गेली.

मग त्यांनी या जंतूंना वाढवणारं अन्न शोधलं. हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्चं केळं, सोबत साखर, तेल, जीवनसत्त्वं. सगळं बाजारात मिळणारं. १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांपैकी निम्म्यांना हा खाऊ आणि निम्म्यांना नेहमीचा पोषक खाऊ, दिवसातून दोनदा, तीन महिने दिला. ११८ मुलांनी चाचणी पूर्ण केली. २०२१ साली निकाल छापून आला. नव्या खाऊत उष्मांक कमी होते, तरी त्या मुलांचं वजन जास्त वेगाने वाढलं.

म्हणून उद्यापासून बाळाला केळं उकडून घाला, असं आम्ही म्हणत नाही. तो खाऊ मोजूनमापून केलेला होता. दुकानातल्या महागड्या ‘जंतूंच्या’ पावडरींवरही मजुरी उडवू नका. पण सहा महिन्यांनंतर वरणभातासोबत डाळीचं पीठ, शेंगदाण्याचा बारीक कूट (अख्खा दाणा नको, घशात अडकतो), कुस्करलेलं केळं द्यायला काय हरकत आहे?

आणि जुलाब लागले की मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणू नका. ते वाईट जंतूंसोबत चांगलेही मारतं. साध्या जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी. ओआरएसही ढाक्याचंच देणं. १९६८ साली तिथल्याच कॉलरा प्रयोगशाळेत त्याची चाचणी झाली. शीतून रक्त पडलं, बाळ सुस्त झालं किंवा पिईनासं झालं, तर मात्र थेट डॉक्टर.

सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा कुठल्याही बाळाच्या दोन्ही पायांवर सूज दिसली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. आशाताईंना सोबत घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं तर आईच्या बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळतो. तो न लाजता मागून घ्या.