हरण्याचा भाव

क्रिकेटमध्ये पैसा फार आला म्हणून भ्रष्टाचार आला, असे सर्रास म्हटले जाते. हे निदान सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. केवळ पैशाच्या राशीने माणूस बिघडत असता, तर सर्वांत श्रीमंत खेळाडू सर्वांत भ्रष्ट ठरले असते. खरा रोग निराळा आहे. इतर व्यवसायांत यशाला मोबदला मिळतो. सट्ट्याच्या बाजारात अपयशालाही गिऱ्हाईक असते.

१९ मार्च २००० रोजी नागपूरला भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामना झाला. पाहुण्यांचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने हर्शेल गिब्जला २० पेक्षा कमी धावा करण्यासाठी, तर हेन्री विल्यम्सला ५० हून अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केले होते. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा कुटल्या, विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला आणि सौदा फसला. पुढे किंग आयोगासमोर हे सारे उघड झाले. दोघेही वर्णभेदी राजवटीने ‘रंगीत’ म्हणून वेगळ्या काढलेल्या समाजातले होते आणि विल्यम्सचे संघातील स्थान मुळीच पक्के नव्हते. अशा माणसाला कर्णधारापुढे ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे साहेबाच्या तोंडी हुकुमावर कागद पुढे सरकवणाऱ्या कारकुनास समजावून सांगावे लागणार नाही.

त्याआधी १९९६ च्या डिसेंबरात याच संघापुढे मुंबईतील एक सामना हरण्यासाठी दोन-अडीच लाख डॉलरांचा प्रस्ताव क्रोनिएनेच मांडला होता. संघाची बैठक भरली, चर्चा झाली, प्रस्ताव नाकारला गेला. नाकारला हे खरे. पण जी वस्तू विकायचीच नाही, तिच्या भावाची चर्चा कशाला?

पुढचे स्थित्यंतर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन उमगेल. संपूर्ण सामन्याचा निकाल फिरवायचा तर अनेकांना विकत घ्यावे लागते. खर्च मोठा आणि बोभाट्याची भीतीही मोठी. एका षटकावर, एका चेंडूवर पैज लागू लागली की घाऊक माल किरकोळीत विकता येतो. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर व मोहम्मद आसिफ यांनी ठरवून नो-बॉल टाकले. आमिर तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता आणि या कटात कर्णधार सलमान बट्टच सामील होता. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिघांनाही कारावास दिला. तेथे पैज कायदेशीर आहे. त्यामुळे पैजेतील लबाडी हाही गुन्हा ठरतो.

आपल्याकडे घोड्यांच्या शर्यतींसारखे अपवाद सोडल्यास पैजच बेकायदा, मग तीत फसलेल्याने दाद कोणाकडे मागावी? २०१३ च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांनी संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने केलेला मोक्का लावून पाहिला. जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने आरोपी खेळाडूंना दोषमुक्त केले. सामनानिश्चिती ही दंडसंहितेखालील फसवणूक ठरत नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. जो गुन्हा कायद्यात लिहिलेलाच नाही, त्याची शिक्षा ती कोठून देणार?

दरम्यान क्रिकेट मंडळाचा व्यवहार पाहावा. खेळाडूने बुकीशी बोलू नये, ही शिस्त योग्यच. पण २०२० साली आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व २२२ कोटी रुपयांना ड्रीम इलेव्हनकडे गेले आणि २०२३ पासून तेच नाव भारतीय संघाच्या छातीवर झळकले. न्यायालयांनी तो कौशल्याचा खेळ मानला होता, हे मान्य. तरीही घरबसल्या संघ निवडून पैसे लावणाऱ्या कोवळ्या पोराला हा सूक्ष्म भेद कितपत कळत असेल, याची मला शंका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा ते नाव उतरले.

सामनानिश्चिती हा फौजदारी गुन्हा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ सालीच आपल्या २७६ व्या अहवालात केली होती. २०२५ चा कायदा खेळ चालविणाऱ्या कंपन्यांना लागू आहे. मैदानावर ठरवून नो-बॉल टाकणाऱ्याविषयी आणि त्याला तसे करावयास लावणाऱ्या कर्णधाराविषयी त्यात एक अक्षर नाही.