तारलीची गोड्या पाण्यातली बहीण

कोकणातल्या माणसाला तारलीची ओळख करून द्यायला नको. काटेरी खरी, पण तव्यावर तडतडू लागली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बातमी लागते! या समुद्राच्या लेकीची एक चुलत बहीण जन्मभर गोड्या पाण्यात, आणि तीही ज्वालामुखीच्या कुशीत नांदते, असे वाचनात आले, तेव्हा माझ्यासारखा मराठी शिकवणारा माणूसही नकाशा उघडून बसला.

फिलिपाईन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरवर ताल सरोवर आहे. आपले लोणार उल्केच्या आघाताने झाले; ताल मात्र ज्वालामुखीचे मुख आत ढासळून झालेले. विस्तार सुमारे २३४ चौरस किलोमीटर. मधोमध एक बेट, आणि ते बेट म्हणजेच जागता ज्वालामुखी!

एके काळी या सरोवरात समुद्राचे पाणी खेळत असे. १७५४ साली ज्वालामुखी कित्येक महिने धुमसत राहिला, राखेने समुद्राकडची वाट बुजत गेली. उरली ती पान्सिपित नदीची चिंचोळी धार. पुढे पावसाच्या पाण्याने सरोवर हळूहळू गोडे झाले. या पाण्यात रुळलेली छोटी तारली म्हणजे ‘ताविलिस’. तारलीच्या गोतात गोड्या पाण्यात राहणारी ही एकटीच, आणि तालखेरीज ती कोठेही सापडत नाही.

१९११ च्या स्फोटात तेराशेहून अधिक माणसे दगावली. १२ जानेवारी २०२० रोजी पुन्हा स्फोट झाला, राख मनिलापर्यंत उडाली. ताविलिस मात्र टिकून राहिली.

तिला खरी धास्ती आहे ती माणसाची. बेसुमार मासेमारी तर आहेच. शिवाय सरोवरात पिंजरे टाकून तिलापिया आणि बांगुस हे मासे पोसतात. त्यांना घातलेले उरलेसुरले खाद्य तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. २०११ मध्ये तर पिंजऱ्यांतले मासेच ढिगांनी मेले. अखेर २०१९ साली ताविलिसचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेले.

आता तेथे विणीच्या हंगामात तिची मासेमारी बंद ठेवतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवत आले, त्यातले शहाणपण हेच नव्हे काय? आगीच्या शेजारी संसार थाटणाऱ्या या इवल्या जिवाला माणसाकडून हवी आहे ती एवढीच सवड.